मुश्ताकभाई डिस्कवाले

मुश्ताकभाईंच्या दुकानात पाऊल टाकलं की सलाम, नमस्कार, या-बसा यांतलं काहीच होत नाही. आतून फक्त हुकूम येतो, “पहिले हात खिशात!”

आणि माणसं घालतात हो. मी डोळ्यांनी पाहिलंय. अमरावतीतल्या एका कोचिंग क्लासचे सर, ज्यांच्यासमोर शंभर पोरं श्वास रोखून बसतात, ते बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन आले होते. अंगात नवा सफारी. शिंप्याने खिशाला घातलेली कच्ची शिवण अजून उसवलेली नव्हती, त्यामुळे हात आत जाईना. “मग कान धरा,” मुश्ताकभाई म्हणाले. सरांनी धरले. चांगली दहा मिनिटं कान धरून उभं राहून ते आपल्या मशीनचा इतिहास सांगत होते. जिन्यावर आम्ही चार गिऱ्हाइकं बसलो होतो. आयुष्यात फुकट मिळालेल्या आनंदांमध्ये मी ही दहा मिनिटं फार वर धरतो.

“मशीनले बिघाड मारत नाई जनाब,” मुश्ताकभाईंचं तत्त्वज्ञान असं, “मालकाचा हात मारते. मशीन बंद पडलं की माणूस काय करते? हे बटन दाब, ते बटन दाब. अरे, माणूस चक्कर येऊन पडला तर त्याले तुमी लाथा मारता काय?”

साठीकडे झुकलेला सडपातळ माणूस. डोक्यावर पांढरी टोपी, नाकावर एक चष्मा, कपाळावर दुसरा. शर्टाच्या खिशात पेनऐवजी दात घासायचा ब्रश, त्याने ते यंत्रांचे सांधे साफ करत. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टेपरेकॉर्डर, मग काळ बदलला तसे कॉम्प्युटर. लिनक्स नावाची फुकटातली प्रणाली ते छापील कागदांवरून आपल्या आपण शिकले. ते कागद मी पाहिले आहेत. इंग्रजी ओळीखाली शिसपेनीने उर्दूत अर्थ. एक भाषा डावीकडून निघालेली, दुसरी उजवीकडून. मधे कुठेतरी दोघींची गाठ पडली की मुश्ताकभाईंना विषय समजायचा.

दुकानाचे नियम ठरलेले. चहा जिन्यावर प्यायचा. मशीनसमोर मोठ्याने बोलायचं नाही. गिऱ्हाइकाचं सामान उघडून पाहायचं नाही. “दुसऱ्याच्या घरी जाल तर खाटेवर बसा, फडताळ उघडू नका.” आणि ‘गेलं’ हा शब्द दुकानात बंद. फोटो गेले, पत्रं गेली असं कोणी म्हटलं की ते दुरुस्त करायचे, “दिसून नाई राहिले म्हणा.”

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा माझं जे ‘दिसून नाही राहिलं’ होतं, ते आधी सांगतो.

मी तेव्हा अकोल्याच्या एका छोट्या संस्थेत होतो. त्या वर्षांत वऱ्हाडातून कसल्या बातम्या येत होत्या ते सांगायला नको. पेपरात रोज शेतकऱ्यांचा आकडा यायचा. आमच्या मॅडमचं म्हणणं, आकडे पुष्कळ झाले, आता ज्या बाया मागे राहिल्या त्या काय म्हणतात ते ऐका. ऐकायचं काम माझ्याकडे आलं. मी मुळात बडबड्या माणूस. पण गळ्यात रेकॉर्डर अडकवून चांदूर बाजार, भातकुलीकडची गावं फिरलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं. एकशे सोळा घरं झाली. कोणी तासभर बोललं, कोणी तीन तास. एक बाई बोलायला बसण्याआधी म्हणाली होती, “भाऊ, हे येकदाच सांगीन. पुन्ना विचाराले येऊ नका.” मी तिला शब्द दिला. मग प्रत्येकीलाच देत गेलो.

ते सगळे आवाज ऑफिसातल्या एका मशीनमध्ये साठवलेले होते. पुण्याहून आलेल्या एका हौशी मुलाने ते उभं करून दिलं आणि तो परदेशी निघून गेला. मशीनच्या पोटात चार डिस्क, एकीवर एक ठेवलेल्या. त्या चारही लिनक्सने अशा एकत्र बांधलेल्या, की एखादी बंद पडली तरी काही अडू नये. आम्ही निर्धास्त होतो.

मग दसरा आला.

आमच्या ऑफिसात निमाताई होत्या. टायपिंग त्यांचं, चहा त्यांचा आणि देवधर्मही त्यांचाच. दर वर्षी शस्त्रपूजेला त्या कॉम्प्युटरच्या डब्याला कुंकू लावत. त्या वर्षी त्यांना प्रश्न पडला. “डब्याले कुंकू लावून काय फायदा? तो तर नुसता बसून राह्यते. काम करते ते आतलं. त्याले लावा ना!”

तर्क बिनतोड होता. शिवाय पेचकस माझ्याकडे होता. मी डबा उघडला. निमाताईंनी चारही डिस्क काढल्या, पाटावर मांडल्या, हळदीचं पाणी शिंपडलं, कुंकू लावलं, झेंडू वाहिला. आरती मी म्हटली. चांगल्या चढ्या आवाजात म्हटली, हेही कबूल करतो. मग कुंकवाला धक्का न लावता पाणी तेवढं टिपलं आणि डिस्क जशा हाताला लागल्या तशा परत बसवल्या.

दुसऱ्या दिवशी मशीन उठेना.

गावातल्या एका दुकानातून इंजिनिअर बोलावला. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “काही नाही, हे नव्यानं बांधून देतो.” दिलं बांधून. पाच-सात मिनिटं दिवे लुकलुकले, मग त्यालाच कशाची तरी शंका आली आणि त्याने वायर ओढली. त्यानंतर मशीनला स्वतःच्या पोटात काय आहे ते सांगता येईना.

मॅडम म्हणाल्या, “पुन्हा जाऊन रेकॉर्ड करावं लागेल.” त्या रात्री मला जेवण गेलं नाही. एकशे सोळा दारांत उभं राहून काय सांगायचं? बाई, तुम्ही काळजावर दगड ठेवून जे बोललात, त्याची आम्ही पूजा केली आणि ते गेलं. आता तेवढं परत एकदा?

म्हणून चार डिस्क घेऊन मी अमरावतीची एस.टी. धरली.

“हात खिशात!” झालं. मग मुश्ताकभाईंनी माझ्या हातातला डबा उघडला. “कापसात गुंडाळून आणल्या? वऱ्हाडी माणूस. याले आजारी मूल द्या नाई तर बॉम्ब द्या, कापसातच गुंडाळंल.” मग त्यांनी एक डिस्क उजेडात धरली. दोन्ही चष्मे आलटून पालटून लावले. “हे लाल काय हाय?”

मी सगळं सांगितलं. पेचकस, आरती, काहीही न लपवता. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं.

त्यांनी खिशातल्या ब्रशने डिस्कचे सांधे साफ केले. मग दोन दिवस दुसरं काहीच केलं नाही, फक्त नकला उतरवल्या. प्रत्येक डिस्कची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर, आणि मूळ चार कपाटात कुलूपबंद. “जी काई मरमर करायची ती नकलेवर करायची. अस्सल माल हाताळाचा नाई.” तिसऱ्या दिवशी त्यांनी मला जिन्यावर बसवून निदान सांगितलं.

“असं समजा, चार भाऊ हायेत. बाप निरोप सांगते, पण पुरा कोणालेच नाई. तिघांले तुकडे वाटते, अन् चौथ्याले त्या तुकड्यांची बेरीज सांगून ठेवते. येक भाऊ गप्प झाला तर बाकीचे तिघं हिशोब लावून पुरा निरोप सांगू शकतात. दोन गप्प झाले, की बाप मुका. कळलं?”

“कळलं.”

“तुमच्या घरातला येक भाऊ वरीसभर आधीच रुसून निघून गेला होता. तुमाले पत्ताच नाई. तिघांवर घर चालू होतं. तुमच्या बाईनं हळदीचं पाणी शिंपडलं, दुसऱ्याच्या कानात शिरलं. तो बहिरा झाला. झाले दोन. मग आला तुमचा इंजिनिअर. त्यानं त्या रुसलेल्याले पकडून आणलं अन् पंगतीत बसवलं. त्याले वरीसभर जुना निरोप ठाऊक. त्याच्या भरोशावर इंजिनिअर नवी बेरीज लिहू लागला. अन् पंगतीत कोण कोणाच्या बाजूले बसला होता, तेही पुसून टाकलं.”

“आणि वर्षभर आम्हाला कोणी सांगितलं कसं नाही?”

मुश्ताकभाई उठून आत गेले आणि एक कागद घेऊन आले. या चार डिस्कांखेरीज मशीन चालू करणारी एक छोटी डिस्क वेगळी होती. तिच्यात एक टपालपेटी होती. ती मी मशीनसकट दुसऱ्या दिवशी अकोल्याहून मागवून घेतली होती, आणि यंत्राची टपालपेटी पाहणं त्यांच्या नियमात बसत होतं. त्या पेटीत यंत्राने रोज एक पत्र लिहून ठेवलं होतं. रोज तेच : चारपैकी एक बंद आहे, लक्ष द्या. वर्षभर. एकही उघडलेलं नाही.

“रोज लिहून राहिलं होतं बिचारं,” ते म्हणाले आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

आता कोडं उरलं बसण्याच्या क्रमाचं. चार भाऊ चोवीस प्रकारांनी बसू शकतात. मुश्ताकभाई चोवीसही प्रकार करून पाहायला तयार होते, पण त्यांची नजर कुंकवावर गेली होती. एका डिस्कवर ठसठशीत टिळा, दुसरीवर जरा कमी, तिसरीवर पुसट, चौथीवर नुसती आठवण. “येका चिमटीत चौघांले लावलं तुमच्या ताईनं. म्हणजे पह्यली कोणती अन् शेवटची कोणती, हे लिहूनच ठेवलं. पण मशीनमधून वरून खाली काढल्या होत्या का खालून वर?”

मी म्हणालो, वरून खाली. मी समोर होतो. फोनवर निमाताई म्हणाल्या, वरून खाली. देवाशपथ म्हणाल्या.

“त्याइले बोलावून घ्या,” मुश्ताकभाई म्हणाले. “पाट घेऊन.”

निमाताई अकोल्याहून आल्या. पाट, हळदकुंकू, आणि भिडस्त माणसाला येतो तो राग घेऊन. मुश्ताकभाईंनी जमिनीवर तसाच एक उघडा डबा ठेवला होता, आत चार मेलेल्या डिस्क. हात खिशात घालायला सांगताना मात्र ते अडखळले, कारण साडीला खिसा नसतो. शेवटी, “तुमचे हात मोकळेच राहू द्या ताई, आज कामच हाताचं हाय,” असं म्हणून त्यांनी स्वतःचा नियम जन्मात पहिल्यांदा मोडला.

“आज काई दसरा आहे का?” निमाताई. “मुहूर्त नाई, काई नाई.”

“आजच खरा मुहूर्त हाय ताई. करा सुरू. अन् विचार करू नका, नुसती पूजा करा. तुमी आरती म्हना साहेब.”

मी आरती म्हटली. खाली रस्त्यावर दोन ऑटो थांबले. निमाताई पाटापुढे मांडी घालून बसल्या, आणि त्यांचा हात सरळ डब्यातल्या सगळ्यात खालच्या डिस्ककडे गेला. जमिनीवर बसलेल्या बाईला तीच जवळ! मग तिच्या वरची, मग तिच्या वरची.

“बस्स!” मुश्ताकभाई ओरडले. आरती कडव्याच्या मधोमध तुटली. “माणूस विसरते, पण हात विसरत नाई.”

अर्ध्या तासात त्यांनी नकला त्या उलट क्रमाने मशीनला सांगितल्या, रुसलेल्या भावाची जागा रिकामी सोडली, आणि बहिऱ्याचा कान ब्रशने साफ झालेला होताच. नुसतं वाचायचं, लिहायचं काही नाही, असं बजावून त्यांनी ते बांधलं. पडद्यावर गावांची नावं एकाखाली एक उतरू लागली. निमाताईंनी उरलेलं कुंकू मशीनला लावायला हात पुढे केला आणि आम्ही दोघंही किंचाळलो.

इथे कोणी दुसरा असता तर टाळी देऊन माल हवाली केला असता. मुश्ताकभाईंनी थांबवलं. “इंजिनिअरनं जेवढ्या वेळ चुकीची बेरीज लिहिली, तेवढा भाग खराब असंल. कोणत्या आवाजात भोकं पडली, ते ऐकल्याशिवाय नाई कळाचं. ऐकू का?” मग खालच्या आवाजात, “तुमच्या फडताळात हात घालाचा हाय म्हणून विचारलं. काय हाय यात?”

मी सांगितलं. त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी मॅडमना फोन लावून विचारलं. त्या हो म्हणाल्या.

पंधरा दिवसांचं काम, म्हणाले होते. दोन महिने झाले. मी आठवड्याला फेरी मारायचो. ते कानाला हेडफोन लावून बसलेले असायचे, आणि मी दिसलो की एक बोट वर करायचे, थांबा. जिन्यावरची गिऱ्हाइकं कुरकुरायची. “चाचा, आमचं कधी?” “तुमचं लग्नाचं शूटिंग हाय. नवरी कुठं पळून नाई चालली.”

शेवटी त्यांनी एक नवी डिस्क हातात ठेवली, आणि सोबत शाळेची असते तशी दोनशेपानी वही. एकशे सोळा आवाज परत आले होते. एकोणीस आवाजांत मधे मधे काही सेकंदांची भोकं होती. एकाही घरी परत जायची गरज नव्हती. मी तिथेच जिन्यावर बसकण मारली. डोळे पुसले असतील, आठवत नाही.

वही मी एस.टी.त उघडली. भोकं कुठे आहेत त्याची यादी असणार, असं मला वाटलं. होतीच. पण बरंच काही होतं. त्यांचं मराठी अक्षर पोरसवदा, मोठं मोठं.

‘नंबर ९. चौदाव्या मिनिटाले आठ सेकंद खराब. मशीनची चूक.’

‘नंबर २२. विसाव्या मिनिटाले आवाज नाई. खराबी नाई. बाई थांबल्या. कापू नये.’

‘नंबर ३१. बाई चूल फुंकतात. खरखर वाटते, खराबी नाई.’

‘नंबर ६०. लय वेळ शांत. दोनदा ऐकलं. बाईच हायेत, श्वास येते. कापू नये.’

पानामागून पान. भोकं तपासायला एवढं ऐकायची गरज नव्हती, एवढं मलाही कळत होतं. बाईचं गप्प बसणं आणि यंत्राचं गप्प बसणं त्यांनी दोन महिने बसून वेगळं केलं होतं. मॅडम रिकाम्या जागा कापून टाकायचं म्हणत होत्या. वही वाचल्यावर तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

महिन्याभराने अमरावतीत काम निघालं, तेव्हा मी सहज त्यांच्या दुकानावरून चाललो होतो. त्यांनी वरून हाक मारली. हात खिशात घालायलाही सांगितलं नाही.

“ते सत्तेचाळीस नंबर. भातकुलीच्या पुढचं गाव. बाई शेवटी म्हणते, ‘भाऊ, जेवून जा.’ अन् टेप बंद. जेवले होते ना तुमी?”

मला आठवत होतं. जीप थांबली होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता. मी हात जोडून निघालो होतो.

“हो तर,” मी म्हणालो. “जेवलो ना.”

“बरं झालं,” ते म्हणाले. “मले वाटलं, नसंल जेवले.”

थापा मारण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय, आणि मला थापेची टोचणी लागत नाही. ही लागली. एक रविवार आळसात गेला, पण पुढच्या रविवारी मी भातकुलीकडची एस.टी. पकडली. बाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मला ओळखलं, आणि पहिलं वाक्य असं, “या भाऊ. तुमच्या वाटचं तर जेवून गेले ते.”

“कोण?”

“टोपीवाले भाई. मागच्या आयतवारी आले. वसरीवर बसले. म्हने, तुमी त्या दिवशी जेवाले बोलावलं होतं, साहेबाइचं राहून गेलं, म्हणून मी आलो. साहेब खोटं बोलतात पण माणूस वाईट नाई, असंबी म्हने.” त्या हसल्या. “मी घाबरली. म्हटलं, पुन्ना सारं विचारतात का काय! पण येक अक्षर विचारलं नाई बाप्पा. पोराच्या शाळेचंबी नाई. वांग्याची भाजी अन् भाकर वाढली. ताट सोता घासून ठेवलं.”

त्यांनी मला पाट दिला, समोर ताट ठेवलं. भाकरी मोडली तेव्हा त्यांनी विचारलं,

“येकटेच राह्यतात काय हो ते?”

मुश्ताकभाईंच्या घराबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. इतक्या फेऱ्यांत मी कधी विचारलं नव्हतं. “का हो? काही म्हणाले का?”

“म्हनाले नाई काई.” बाईंनी माझ्या ताटात भाजी वाढली. “पण येकटा जेवनारा माणूस घरी पटापटा जेवते, अन् कोनी समोर बसलं की त्याचं जेवन लांबते. मले ठाऊक हाय ना. त्याइची भाकर संपूनच नोती राहिली.”